परदेशी पीट मॉसची एकत्रित खरेदी थांबवा : रोपवाटिकाचालक संघटनेस आणि सार्वजनिक बागांच्या अधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, पदाधिकारी व सर्व सभासद, आमची रोपवाटिकाचालक संघटना, नागपूर;
तसेच नागपूर शहरातील बागा, रस्ता-दुभाजक आणि चौकांतील कुंड्यांची कामे देणारे सर्व अधिकारी

सन्माननीय अध्यक्ष महोदय आणि सभासद बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

आपल्या संघटनेच्या गेल्या सभेत, विषयपत्रिकेवर नसताना, ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली एक ठराव घाईघाईने मंजूर झाला. बाल्टिक देशांतून (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) येणारे पीट मॉस, म्हणजे दलदलीतून काढून कुंडीच्या मिश्रणात घालायचे अर्धवट कुजलेले शेवाळ, सभासदांनी मिळून कंटेनरने मागवायचे, त्यासाठी प्रत्येकाकडून आगाऊ रक्कम गोळा करायची आणि शहरातील सार्वजनिक कामांच्या निविदांमध्ये कुंडीतल्या मिश्रणासाठी याच मालाचा आग्रह धरायचा, असा तो ठराव आहे. त्यासोबत वाटलेल्या माहितीपत्रकात या मालाला ‘शंभर टक्के नैसर्गिक, पर्यावरणस्नेही आणि पुन्हा पुन्हा निर्माण होणारा’ असे म्हटले आहे. हा माल जिथून काढतात तिथल्या पाण्याचे काय होते, असे मी विचारले, तेव्हा व्यासपीठावरून उत्तर आले, “ताई, तिकडे पाण्याला काय तोटा?” सभा हसली आणि पुढचा विषय सुरू झाला. मला त्या हसण्याचा राग नाही. पण प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, आणि आता त्यात सार्वजनिक पैसाही गुंतणार असल्याने हे पत्र संघटनेच्या दप्तरात न टाकता सर्वांसमोर ठेवत आहे.

माझा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. काटोलकडे आमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. जांभेरीचे खुंट वाढवणे, डोळे भरणे, कलमे विकणे यावर आमचे घर चालते. भूशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी याच धंद्यात आले. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात संत्र्याच्या बागा जगवण्यासाठी विहिरी सोडून बोअर आणि बोअर सोडून आणखी खोल बोअर असा प्रवास कसा झाला, हे माझ्यासारखेच आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहे. जमिनीतले पाणी एकदा खाली गेले की ते वर आणणे माणसाच्या हाती उरत नाही, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणूनच ‘तिकडे काय तोटा’ हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पीट म्हणजे काय, हे सभेत कुणी सांगितले नाही. म्हणून आधी तेवढे लिहिते. थंड आणि सतत ओल्या प्रदेशात स्फॅग्नम जातीचे शेवाळ वाढते, मरते आणि त्यावर नवे वाढते. खालचा थर कायम पाण्यात बुडालेला असल्याने त्याला हवा मिळत नाही आणि तो पुरता कुजत नाही. असा अर्धवट कुजलेला थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने साचतो, म्हणजे पुरुषभर खोलीच्या पीटमागे दीड-दोन हजार वर्षे असतात. उत्तर युरोपातल्या आजच्या बहुतेक पीटभूमी शेवटचे हिमयुग ओसरल्यानंतरच्या दहा-बारा हजार वर्षांत तयार झाल्या. जगाच्या भूभागापैकी जेमतेम ३ टक्के जागा त्यांनी व्यापली आहे, तरी जगातल्या सगळ्या जंगलांतील झाडाझुडपांत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक या दलदलींत साठलेला आहे. आपल्या भागाला हे अगदी परके नाही. कामठी, उमरेड, सावनेर या परिसरात जो कोळसा निघतो, तो पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या दलदलींत साचलेले पीटच होते. मातीच्या ओझ्याखाली दबून आणि तापून त्याचा कोळसा झाला. आणि कोळसा काढायचा तर आधी पंप लावून पाणी उपसावे लागते, हे खाणीजवळ ज्याची विहीर आहे त्या शेतकऱ्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

पीटच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न कोळशापेक्षाही थेट आहे. अस्पर्श पीटभूमीत वजनाने सुमारे नऊ-दशांश पाणीच असते. अशा जमिनीवर यंत्र रुतते आणि तिथला ओला माल पोत्यात भरता येत नाही. त्यामुळे खाणकामाची सुरुवात पीट काढण्याने होत नाही, पाणी काढण्याने होते. साधारण वीस-तीस मीटरवर एक असे समांतर चर खणले जातात, ते कडेच्या मोठ्या चराला जोडतात आणि तो मोठा चर जवळच्या ओढ्यात, नदीत किंवा सरोवरात सोडतात. जमीन निथळली की वरचे जिवंत शेवाळ खरवडून काढले जाते. उघड्या पडलेल्या काळ्या पृष्ठभागाचा पातळ थर यंत्राने मोकळा करून उन्हावाऱ्यात वाळवतात आणि ट्रॅक्टरमागे जोडलेल्या प्रचंड व्हॅक्यूम यंत्राने शोषून घेतात. उन्हाळाभर हे चक्र चालते. एका हंगामात काही सेंटीमीटरचा थर जातो, म्हणजे कित्येक दशकांचे साचलेले एका उन्हाळ्यात पोत्यात भरले जाते. पाण्याची हानी हा या उद्योगातला अपघात असता, तर काळजी घेऊन तो टाळता आला असता. इथे पाणी घालवणे हीच कामाची पहिली पायरी आहे, आणि माझा मुख्य आक्षेप याच मुद्द्यावर उभा आहे.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार दलदलीच्या स्वतःच्या पाण्याबद्दल आहे. निरोगी पीटभूमीत दोन थर असतात. वरचा हातभराचा थर जिवंत आणि सैल असतो. पावसात तो फुगतो, उन्हाळ्यात बसतो, आणि जादा पाणी याच थरातून आडवे, सावकाश बाहेर झिरपते. खालचा थर इतका घट्ट असतो की त्यातून पाणी जवळपास हलत नाही. वर्षभर भूजल पातळी पृष्ठभागाच्या जवळ ठेवण्याचे काम हा वरचा थर करतो आणि खाणकामात सगळ्यात आधी तोच नाहीसा होतो. त्यानंतर पाण्याची पातळी कोरड्या दिवसांत झपाट्याने खाली आणि पावसात झपाट्याने वर अशी हेलकावे खाऊ लागते. कोरडा पडलेला पीट आकसतो, दबतो, हवा लागल्याने कुजू लागतो आणि जमीन खचते. एकदा दबलेल्या पीटमध्ये, पुढे चर बुजवले तरी, पूर्वीइतके पाणी मावत नाही. (पुराच्या बाबतीत मात्र सर्वत्र एकच परिणाम दिसत नाही, निथळलेली जमीन काही ठिकाणी पावसाचे पाणी सुरुवातीला जास्त सामावून घेते, काही ठिकाणी चरांमुळे ते जास्त वेगाने नदीत पोहोचते. जे एकसारखे नाही ते एकसारखे आहे असे सांगून मला माझी बाजू बळकट करायची नाही.)

दुसरी तक्रार अशी की हे नुकसान खाणीच्या कुंपणात थांबत नाही. बादलीतल्या भिजल्या गोधडीचे एक टोक बाहेर लोंबले तरी सगळी गोधडी हळूहळू निथळते, तसे या भूमीचे आहे. आयर्लंडच्या ऑफली परगण्यातील क्लारा बॉग या दलदलीचे उदाहरण जलशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या पूर्व भागात चर खणले गेले होते. १९८७ मध्ये ती राखीव झाली आणि पुढे ते चर बंद करण्यात आले. तरीही तिचा पश्चिम भाग खचत राहिला, कारण राखीव हद्दीबाहेर, दलदलीच्या काठावर, जळणासाठी पीट कापले जात होते आणि तिथल्या चरांतून दलदलीच्या तळाखालचे भूजल निसटत होते. राखीव हद्दीत कुणी नव्याने कुदळ मारलेली नसताना हे घडले. तेव्हा पुरवठादार जेव्हा सांगतो की ‘आम्ही संरक्षित क्षेत्राला हातही लावत नाही’, तेव्हा त्याला पुढचा प्रश्न विचारायला हवा : संरक्षित क्षेत्राच्या किती जवळ चर खणता, आणि काठावरची भूजल पातळी कोण मोजते?

तिसरी तक्रार खालच्या अंगाच्या नद्या-सरोवरांविषयी आहे आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत गंभीर आहे. चरांचे पाणी चहाच्या रंगाचे असते. त्यात पीटचा बारीक चुरा, विरघळलेला सेंद्रिय कार्बन, नत्र, स्फुरद आणि लोह असते. खाणमालक मध्ये गाळकुंडे बांधतात आणि त्यांत जड चुरा बसतोही. परंतु विरघळलेला भाग गाळकुंडात बसत नाही, आणि बर्फ वितळताना किंवा मोठ्या पावसात कुंडे भरून वाहिली की चुराही पुढे जातो. सरोवराचे पाणी तपकिरी झाले की प्रकाश खोल जात नाही, तळाची पाणवनस्पती मरते. चुरा तळावर बसला की ज्या खडीत मासे अंडी घालतात ती खडी बुजते. नत्र-स्फुरद वाढले की शेवाळ माजते. अशा पाण्यावर पिण्यासाठी क्लोरीनची प्रक्रिया केली, तर सेंद्रिय पदार्थ आणि क्लोरीन यांच्या संयोगातून ट्रायहॅलोमिथेन नावाची घातक संयुगे तयार होतात, म्हणजे पाणी शुद्ध करण्याचा खर्च गावाच्या माथी येतो. आयर्लंडमध्ये शॅनन नदी आणि तिच्या वाटेवरचे लॉख डर्ग हे सरोवर यांत पीटचा गाळ साचत असल्याची तक्रार अनेक दशकांची आहे.

फिनलंडमधील लिन्नुनसुओ येथील प्रकरण तर प्रत्येक पीट विकत घेणाऱ्याने वाचावे असे आहे. नॉर्थ करेलिया प्रांतातल्या सेल्किए गावाजवळ या पीटखाणीचे पाणी युकायोकी नदीत सोडले जात होते. पीटखालच्या मातीत गंधकाची खनिजे होती. ती पाण्याखाली होती तोवर निरुपद्रवी होती. जमीन निथळून त्यांना हवा लागली तेव्हा त्यांचे सल्फ्युरिक आम्ल झाले, आणि २०१० साली व पुन्हा २०११ साली नदीत मासे मेले. हे आधी ध्यानात आले ते गावच्या मच्छीमारांच्या. पुढे खाण बंद पडली, तिथे पुन्हा पाणी साठवण्यात आले, आणि स्नोचेंज या सहकारी संस्थेने ती जमीन विकत घेतली. आज ती पक्ष्यांनी गजबजलेली पाणथळ आहे. अशा पुनर्स्थापनेच्या कामासाठी या संस्थेचे प्रमुख तेरो मुस्तोनेन यांना २०२३ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. निथळलेल्या जमिनीतून आम्ल निघणे ही काही फक्त थंड देशांची गोष्ट नाही. केरळच्या कुट्टनाडमधील काळ्या ‘करी’ जमिनी, ज्यांत जुने लाकूड आणि सेंद्रिय थर गाडलेले आहेत, याच कारणाने आम्लधर्मी झालेल्या आहेत आणि तिथल्या भातशेतकऱ्यांना त्याचा त्रास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

न्यायाने हेही लिहिले पाहिजे की सर्व ठिकाणी सगळा दोष पीटच्या माथी मारता येत नाही. एस्टोनियाच्या ईशान्येला कुर्त्ना नावाचा सुमारे चाळीस लहान सरोवरांचा प्रदेश आहे. तिथल्या काही सरोवरांची पातळी घटली त्यामागे तेलशेलच्या (ज्यातून तेल काढतात अशा खडकाच्या) खाणींतला पाणीउपसा, पिण्यासाठीचा भूजल उपसा आणि पीट काढण्यासाठीचे चर अशी कारणे एकत्र आहेत. पण बारकाईने पाहिले तर यातून पीट उद्योगाची सुटका होत नाही. जिथे आधीच दोन तोंडांनी पाणी जात आहे तिथे तिसरे तोंड उघडणे अधिक बेजबाबदार ठरते.

चौथी तक्रार माहितीपत्रकातल्या ‘पुन्हा पुन्हा निर्माण होणारा’ या दाव्याबद्दल आहे. कॅनडातील क्युबेकमध्ये खाण संपलेल्या जागी चर बुजवून, जवळच्या दलदलीतील शेवाळाचे तुकडे पसरवून, वर गवताचे आच्छादन घालून पुनर्स्थापना करण्याची पद्धत विकसित झाली आहे, आणि काही वर्षांत तिथे स्फॅग्नम पुन्हा धरतो, हे खरे आहे व कौतुकाचेही आहे. पण शेवाळ परत येणे आणि काढून नेलेला दोन-तीन मीटरचा थर परत येणे यांत हजारो वर्षांचे अंतर आहे. आपल्या तलावांतला गाळ आपण काढतो तेव्हा दर पावसाळ्यात नवा गाळ येतो, तलावाची साठवण वाढते आणि शेताला पोयटा मिळतो; ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमागचे गणित तेच आहे. (तिथेही गाळाखालचा घट्ट थर फोडून मुरुमापर्यंत खोदले की तलाव गळू लागतो, हे पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांच्या गावांत कुणीही सांगेल.) पीटला हे गणित लागू होत नाही. कॅनडात खाणकामाखालची जमीन देशातल्या एकूण पीटभूमीच्या एक टक्क्यापेक्षाही कितीतरी कमी आहे, असे सभेत एका सभासदाने सांगितले, आणि तो आकडा मला मान्य आहे. मात्र पाण्याचे नुकसान देशाच्या टक्केवारीत होत नाही, ते त्या चराच्या तोंडाशी असलेल्या एका नदीत आणि एका सरोवरात होते. मॅनिटोबा प्रांताने २०१४ मध्ये पीटभूमीच्या देखभालीसाठी वेगळा कायदा केला. अफाट पीटभूमी असलेल्या देशातल्या एका प्रांतालाही असा कायदा गरजेचा वाटला.

पाचवी तक्रार खुद्द ग्राहकांबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल आहे. २०१९ मध्ये आयर्लंडच्या उच्च न्यायालयाने मोठ्या पीटखाणींना परवानगीच्या प्रक्रियेतून सूट देणारे नियम रद्द ठरवले, आणि तिथल्या सरकारी पीट कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये पीट काढणे कायमचे बंद करत असल्याचे जाहीर केले. झाले काय? त्याच वर्षी आयर्लंडच्या बागायतदारांसाठी लाटव्हियातून सुमारे ३,६०० टन पीटचे जहाज आले. ब्रिटिश सरकारने २०२२ मध्ये घरगुती बागकामासाठी पीटची विक्री २०२४ पर्यंत बंद करण्याचे जाहीर केले, पण ती बंदी वेळेत कायद्यात उतरली नाही. मागणी कायम ठेवून एक खाण बंद केली की दुसरीकडे चर खणले जातात, एवढाच याचा अर्थ. पश्चिम युरोपातले ग्राहक ज्या मालाकडे पाठ फिरवत आहेत, त्या मालाची नवी बाजारपेठ व्हायला आपण रांगेत उभे राहावे, यात मला कसलीही प्रगती दिसत नाही.

सहावी तक्रार व्यवहाराची आहे. हा माल आपल्या हवापाण्याला जुळत नाही. मागच्या उन्हाळ्यात नमुन्याच्या गोणीतून भरलेल्या कुंड्या मी शेडनेटबाहेर ठेवून पाहिल्या. मे महिन्यातल्या एका दुपारी पाणी चुकले आणि पीट आकसून कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटले. संध्याकाळी पाणी घातले तर ते त्या फटीतून सरळ खालच्या बशीत उतरले. बशी काठोकाठ भरली, आणि मधला गोळा हातात घेऊन मोडला तर आत भाजलेल्या कॉफीच्या भुकटीसारखा कोरडा. पूर्ण वाळलेले पीट पाणी सहज स्वीकारत नाही, हा त्याचा स्वभाव आहे. जिथे पारा ४५ अंशांवर जातो आणि दुभाजकावरच्या कुंडीला टँकर येईल तेव्हा पाणी मिळते, तिथे हा स्वभाव परवडणारा नाही. शिवाय पीट मुळात आम्लधर्मी असल्याने त्यात चुना मिसळून ते विकले जाते, आणि आपल्या विहिरी-बोअरचे पाणी आधीच जड. म्हणजे महागाचा माल घ्यायचा आणि त्याचा सामू (आम्ल-विम्लतेचे प्रमाण, पीएच) सांभाळत बसायचे.

पीटच्या बाजूने सभेत मांडला गेलेला एकच मुद्दा मला खरोखर वजनदार वाटला : मातीतून येणारा डिंक्या आणि मूळकूज. फायटोफ्थोरा या बुरशीसदृश रोगकारकाने संत्र्याच्या बागा आणि रोपवाटिका यांचे किती नुकसान केले आहे, हे मी घरात पाहिले आहे. रोगमुक्त कलमांसाठी निर्जंतुक माध्यम हवे, याबद्दल दुमत नाही. परंतु निर्जंतुक माध्यम म्हणजे पीटच, हे समीकरण कुठून आले? माती, रेती आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण ओलावून ऐन उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकखाली काही आठवडे तापवण्याची सूर्यतापनाची पद्धत आपल्या पट्ट्यात परिचित आहे, आणि त्यासाठी लागणारे ऊन आपल्याकडे नको इतके आहे. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांतून निघणारे तूस मिश्रण पोकळ ठेवण्यासाठी उत्तम चालते. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स आणि शहरातल्या जुन्या झाडांच्या वसाहतींत फेब्रुवारीपासून पानगळीचे ढीग लागतात आणि त्यातले कितीतरी सकाळी सकाळी पेटवले जातात. त्या धुराचा त्रास होतो म्हणून आपण खिडक्या लावून घेतो आणि दुपारी लाटव्हियाहून आलेल्या गोणीची किंमत विचारतो. पानांचे खत कुजायला वेळ आणि जागा लागते, चाळणीचे काम कटकटीचे आहे, हे मान्य. पण तो प्रश्न व्यवस्थेचा आहे आणि व्यवस्था उभी करणे हे संघटनेचेच काम आहे.

कोकोपीटबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते, कारण लगेच तेच पर्याय म्हणून पुढे येईल. काथ्याच्या भुशापासून होणारे कोकोपीट हे दलदलीतून काढलेले पीट नव्हे. ते नारळाच्या धंद्यातले उरलेसुरले आहे आणि म्हणून निश्चित बरे आहे. तथापि त्यातले क्षार घालवण्यासाठी ते भरपूर पाण्याने धुवावे लागते, आणि हे धुण्याचे पाणी तसेच सोडले तर आसपासच्या विहिरी बिघडतात. तामिळनाडूत पोल्लाचीच्या भागात ही तक्रार झालेली आहे. तेव्हा कोकोपीट घेताना धुण्याच्या पाण्याची व्यवस्था काय, हा प्रश्न तिथेही विचारावाच लागेल. जलपर्णीचे खतही कुणी सुचवेल. ज्या तलावात सांडपाणी येते तिथल्या जलपर्णीत जड धातू उतरू शकतात, त्यामुळे तपासणीशिवाय ते वापरू नये. आणि पर्याय म्हणून शेतातली चांगली काळी माती ट्रॉलीने उचलून आणणे, हा तर पर्यायच नव्हे.

अधिकाऱ्यांसाठी एक परिच्छेद. शहरातील एका सार्वजनिक कार्यालयाच्या कुंड्यांच्या कामाच्या मसुद्यात मिश्रणाचा घटक म्हणून ‘आयात केलेले पीट मॉस’ असे शब्द मी स्वतः वाचले आहेत. एखादा घटक असा नावानिशी लिहिला की स्थानिक मिश्रण वापरणारा छोटा रोपवाटिकाचालक, त्याची रोपे कितीही चांगली असली तरी, कागदावरच बाद होतो. मिश्रणाने किती पाणी धरावे, निचरा किती व्हावा, सामू किती असावा, रोगकारक नसावेत, एवढे निकष लिहा. ते कशाने साधायचे हे पुरवठादारावर सोडा. पाण्याच्या टंचाईत बागेला प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याचे धोरण आपण सांगता, ते योग्यच आहे. मग कुंडीतले माध्यम निवडताना पाण्याचा विचार सुटतो कसा?

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. एकत्रित खरेदीचा ठराव स्थगित करावा आणि तो विषयपत्रिकेवर रीतसर घेऊन, सभासदांना आधी माहिती देऊन, पुन्हा चर्चेला ठेवावा. तोपर्यंत कुणाकडूनही आगाऊ रक्कम घेऊ नये.

२. माहितीपत्रक मागे घ्यावे. संघटनेच्या नावाने ‘पर्यावरणस्नेही’ आणि ‘पुन्हा पुन्हा निर्माण होणारा’ असे छापायचे असेल, तर त्याचा आधार पुरवठादाराकडून लेखी घ्यावा : कोणत्या दलदलीतून माल येतो, चरांचे पाणी कोणत्या नदीत वा सरोवरात जाते, त्या पाण्याची तपासणी कोण करते, आणि खाण संपल्यावर चर बुजवण्याची जबाबदारी कुणाची आहे.

३. ज्या सभासदांकडे पीट मॉस आधीच आहे, त्यांनी ते फेकू नये. बीजपेरणीच्या ट्रेसारख्या कामांत संपवावे. मात्र पीट असलेल्या प्रत्येक गोणीवर आणि कुंडीवर ते मराठीत स्पष्ट लिहावे, म्हणजे ग्राहकाला निवड करता येईल.

४. संघटनेने येत्या उन्हाळ्यात निदान चार-पाच रोपवाटिकांत स्थानिक मिश्रणांची चाचणी घ्यावी : सूर्यतापित माती-रेती-शेणखत, पानांचे खत व तूस, आणि धुतलेले कोकोपीट. नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे; तिच्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन मागावे. चाचणीसाठी आमच्या रोपवाटिकेतली जागा, शेडनेट आणि मजुरी मी विनामोबदला देईन.

५. सार्वजनिक कामांच्या निविदांतून पीट मॉसचा नामोल्लेख काढून गुणधर्मांचे निकष लिहावेत, आणि शहरातील पानगळ जाळण्याऐवजी गोळा करून खतासाठी रोपवाटिकांना देण्याची सोय संबंधित विभागाने करावी.

६. पीटशिवाय ज्या मोजक्या कामांचे अडते असे सभासदांना वाटते, जसे की मांसाहारी वनस्पती किंवा काही ऑर्किडे, त्यांची यादी संघटनेने करावी. अशा अपवादांना माझा विरोध नाही. दुभाजकावरच्या बोगनवेलीसाठी पाच हजार वर्षांची दलदल उपसण्याला आहे.

संघटनेत मी नवखी नाही आणि कुणाशी माझे वैरही नाही. कंटेनरमागे ज्यांना दोन पैसे सुटणार होते, त्यांचे नुकसान व्हावे अशीही इच्छा नाही. स्थानिक मिश्रण तयार करून, तपासून, गोणीत भरून विकण्याचा धंदा त्यांनीच उभारला तर त्यांची पहिली गिऱ्हाईक मी असेन. आगाऊ रक्कम भरण्याची मुदत या महिनाअखेरीस संपते. त्याआधी विशेष सभा बोलवावी आणि वरील प्रत्येक मागणीवर होकार किंवा नकार, कारणासह, लेखी कळवावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक सभासद रोपवाटिकाचालक,
नागपूर